मास्तरांच्या मनातला कारखाना

इंग्रजी शब्द सांगताना मास्तर डोळे मिटायचे. ‘बेअरिंग’ म्हणायचे आणि असे गप्प व्हायचे, की आपणही कान टवकारावेत. मग हळूच विचारायचे, “फिरतंय ना?” आम्ही मुकाट्याने हो म्हणायचो. नाही म्हणून सांगता कोणाला!

मास्तर जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. स्वातंत्र्यानंतरचे ते दिवस. ठाण्याकडे नवे कारखाने उभे राहत होते आणि त्यांतल्या एकात आम्ही डोंबिवलीचे चौघे इंजिनीअर म्हणून लागलो होतो. यंत्रं कळायची, पण साहेबासमोर तोंड उघडेल तर शपथ! म्हणून संध्याकाळी मास्तरांच्या ओटीवर वर्ग. त्यांचा जन्म शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेलेला. कारखाना बाहेरूनही पाहिलेला नव्हता.

पण मनात एक होता. उंच खिडक्यांतून ऊन उतरतंय, यंत्रं मंद गुणगुणतायत आणि आम्ही इंग्रजीत एकमेकांना विचारतोय, ‘जरा ते कपलिंग तपासता का?’ खाडीवरचा वारा ओटीवर यायचा, मास्तर बोलत राहायचे, आणि उद्या आपण त्यांच्याच कारखान्यात कामाला जाणार असं वाटू लागायचं.

“एकदा मला न्या हो,” ते म्हणायचे. “माझे शब्द तिथे कामाला लागलेले ऐकू द्या. मग मी सुखाने जाईन.”

“अहो, तिन्हीसांजेला हे काय अभद्र बोलणं!” काकू आतून ओरडायच्या.

शेवटी परवानगी मिळाली. मास्तर काळा कोट, टोपी घालून आले. दार उघडलं आणि अंगावर आवाज कोसळला. कसलं गुणगुणणं! एका मोठ्या मोटरवर सगळे पट्टे धडधडत फिरत होते. तिथे बोलणं ऐकूच यायचं नाही, सगळं काम हाताच्या खुणांवर. मूठ फिरवली की चालू, पंजा उभा धरला की बंद. हे त्यांना सांगायचा धीर कुणालाच झाला नव्हता.

मास्तर या हाताकडून त्या हाताकडे बघत राहिले. चेहरा पार उतरला. कुठून यांना आणलं, असं झालं मला.

न राहवून मी त्यांच्यापुढे गेलो, बोट दाखवून ओरडलो, “बेअरिंग!” ऐकू कसलं येतंय! पण ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग दुसरा आला, “कपलिंग!” तिसरा, “गॅस्केट!” मास्तरांची मान डोलू लागली. चौथा जोशात ओरडला, “वाल्व!”

मान थांबली. वरचे दात खालच्या ओठाला लागले नव्हते, हे त्यांना दिसलं होतं. वर्गात थांबवावं तसा त्यांनी त्याच्यापुढे पंजा उभा धरला आणि दात ओठावर टेकवून दाखवले.

पंजा फोरमनने पाहिला. त्याने मोटर बंद केली. पट्टे सुस्तावत सुस्तावत थांबले, आणि बिचाऱ्या चौथ्याचा सुधारलेला ‘व्हॉल्व्ह’ पत्र्याच्या छपरापर्यंत घुमला.

“आता बरोबर,” मास्तर म्हणाले. सगळ्या खात्याला ऐकू गेलं.