नऊ किलोमीटरवरची आडवी रेघ

आमच्या ऑफिसात तिला सगळे रेघताई म्हणतात. खरं नाव हजेरीपटावर आहे, ते तिथेच राहू दे. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुणारा आमचा कारखाना, त्याच्या अकरा गाड्या आणि बॉयलरच्या मागे एक खोली. खोलीला खिडकी एकच, तीही समोरच्या भिंतीवर उघडणारी. त्या खोलीत बावीस वर्षं रेघताई रेघा वाचतेय आणि मी तिच्यासमोर बसून पत्रं टाईप करतेय. उकाडा म्हणाल तर दुपारपर्यंत माणूस शिजून निघतं.

प्रत्येक गाडीत एक यंत्र आहे. ते कागदावर रेघ ओढतं. कागदावर आडवी वेळ, उभं अंतर. रेघ चढत गेली म्हणजे गाडी चालली. फारच उभी चढली म्हणजे ड्रायव्हरने बेफाम हाणली. आणि आडवी झाली म्हणजे घड्याळ चाललंय, गाडी थांबलीय. माल उतरवायच्या ठिकाणी आडवी झाली तर ठीक. भलतीकडे दहा मिनिटांच्या वर झाली, तर रेघताईने लाल शेरा मारायचा. तीन शेरे झाले की महिनाभर घरी. आणि ठरलेला रस्ता सोडला, तर नोकरीच गेली.

तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. एका ड्रायव्हरला तिने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "काय हो, सहाव्या किलोमीटरला चाक पंक्चर झालं म्हणता, मग त्याआधी एवढे सुसाट का? पंक्चर गाठायला पळत होतात?" बिचाऱ्याची बोबडी वळली.

चार नंबरची गाडी तिचा धाकटा भाऊ चालवायचा. दोघंही बिनलग्नाची. घरी आई, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली, वाचाही गेलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, दर चार तासांनी कूस बदला, नाहीतर पाठ सडेल. सकाळी आठला ताई बदलायची, संध्याकाळी घरी आली की पुन्हा. मधलं शेजारच्या काकू बघायच्या. मोठ्या शहरात रेघताईला एकदा चांगलं काम चालून आलं होतं. "आईला काय पाठीवर बांधून नेऊ?" म्हणाली आणि हसली. मला काही हसू आलं नाही.

मग एका सोमवारी चार नंबरच्या कागदावर नऊ किलोमीटरला रेघ आडवी झाली. अकरा चाळीस ते अकरा चौपन्न. मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. आमच्या रस्त्यावर नऊ किलोमीटरला आहे काय, तर दारूचं दुकान! रेघताईचा चेहरा खर्रकन उतरला.

घरी तिने भावाला विचारलं. "जरा पाय मोकळे करतो," एवढंच तो म्हणाला.

मी तिला म्हटलं, "अगं, सख्खा भाऊ आहे तुझा. कर की डोळेझाक!"

ती माझ्यावरच भडकली. "बावीस वर्षं दुसऱ्यांच्या भावांना शेरे मारले, तेव्हा नाही बोललीस ती? आमचे वडील त्याच पायी गेले. आज झाकलं तर उद्या हाही जाईल."

मारले तिने तीन शेरे. साहेबांनी भावाला बोलावलं. त्याने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, मान खाली घालून सही केली. झाला महिनाभर घरी.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम तिच्यासोबत गेले. बहीणभावांची जुंपली तर मध्ये पडायला कुणीतरी हवं ना! दारातच काकू भेटल्या, कमरेला पट्टा बांधलेला.

"त्याला का गं बाई घरी बसवलं?" काकू म्हणाल्या. "माझी कंबर धरल्यापासून तोच तर येत होता दुपारी. गाडी दारात लावायचा, आईला कुशीवर वळवायचा, चार चमचे पाणी पाजायचा की पळाला. ताईला सांगू नका म्हणाला, काम सोडून बसेल."

रेघताई उंबऱ्यातच बसली. तिने पिशवीतून चार नंबरचा कागद काढला. पुलापाशी रस्ता फुटतो. डावीकडे बाजार आणि दुकान, तो आमच्या गाड्यांचा रस्ता. उजवीकडे कालवा आणि तिचं घर. दोन्ही वाटा पुढे दवाखान्यापाशी मिळतात, लांबीलाही सारख्याच. दुकानापर्यंत नऊ, घरापर्यंतही नऊ. गाडी किती गेली ते रेघ सांगते, कुठे गेली ते सांगत नाही. नव्या पोरींना हे शिकवणारी बाई स्वतःच फसली.

भाऊ आतून बाहेर आला. "बोलला का नाहीस?" तिने विचारलं.

"काय बोलू? थांबलो तर महिना, रस्ता सोडला तर नोकरी. खरं कळल्यावर तुला खोटं लिहायला जमलं असतं?"

आत आई छताकडे बघत पडली होती.

इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगावं तर भावाची नोकरी जाते, गप्प बसावं तर त्याच्या कपाळी दारुड्याचा शिक्का. तिने साहेबांकडे दुपारची दोन तास सुटी मागून पाहिली. नियमात बसत नाही म्हणाले. नियमात काय बसतं मेलं, आम्हीच फक्त!

तो महिना आईची पाठ छान राहिली. मग भाऊ कामावर आला, काकूंची कंबर मात्र अजून धरलेलीच. आणखी एक शेरा पडला तर कायमचं घरी, असं त्याला बजावलं होतं.

पहिल्या दिवशी दुपारी दोनला चार नंबरचा कागद टेबलावर आला. कारखान्यापासून थेट दवाखान्यापर्यंत रेघ सरळ चढत गेली होती, कुठे खंड नाही. साहेब स्वतः वाकून बघायला आले. "वा! बहिणीच्या शेऱ्याने भाऊ सुधारला म्हणायचा," म्हणाले आणि खुशीत गेले. त्या क्षणी साहेबांचं तोंड बघवेना मला.

रेघताईने रेघेवर बोट ठेवलं, बरोब्बर नऊ किलोमीटरवर.

"आई आठपासून एकाच कुशीवर आहे," ती म्हणाली.

मला रडू फुटलं. ती रडली नाही. तिने पेन उचललं आणि कागदाच्या खाली लिहिलं, 'ठीक'.