विमान सरळ केलं, त्याची गोष्ट

दोन हजार तेवीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि मी एक विमान सरळ केलं.

शिक्षण म्हणाल तर चौथी. (तीही मास्तरांनी कंटाळून पास केलेली.) पण पूर्णगडच्या खाडीत कुठल्याही लाँचचं इंजिन कुरकुरलं, की लाँच हाकणारा तांडेल आधी मला हाक मारायचा आणि मग देवाला! लाँचमध्ये इंजिन आणि पंख्याचा दांडा एका रेषेत लागतात. सुताएवढा फरक पडला तरी सगळी लाँच हिवताप आल्यासारखी थडथडते. तेव्हा रेषेच्या बाबतीत मला कोणी शिकवायचं नाही.

माझा जावई सुहास पालीला राहतो, पोरांना इंजिनिअरिंग शिकवतो, आणि आंब्याच्या पेट्या भरायच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान बांधतो. लोक गाडी घेतात, म्हैस घेतात. हा विमान बांधतो! शेड त्याच्या थोरल्या भावाची. भावाने बजावलं होतं, "तपासणीला येणाऱ्या पुण्याच्या साहेबांनी इंजिनाची बसवणी पास केली, तर यंदा पेट्या मी मांडवात भरीन. नाही केली, तर तुझं पाखरू माडाखाली!"

साहेब यायचे त्या रविवारी मी आणि आमची ही लेकीकडेच होतो. सुहास त्यांना आणायला रत्नागिरी स्टेशनवर निघाला. जाता जाता म्हणाला, "मामा, बसा निवांत. फक्त विमानाला हात..."

"नाय लावत हो. जा तुम्ही!"

तो गेला आणि शेडचं दार त्याच्यामागे आपोआप मिटलं.

मी हात लावला नाही. नुसता डोळा लावला. आणि बघतो तर काय! इंजिन ज्या लोखंडी पाळण्यात बसवलं होतं (सुहास त्याला माउंट म्हणतो), तो पाळणाच वाकडा! शेपटीपासून नाकापर्यंत दोरी ताणली. इंजिनाचं तोंड चक्क बोटभर उजवीकडे!

हिला हाक मारली. "अगो, विमान वाकडं हाय!"

"असू दे. जावयाचं आहे."

"साहेब नापास करतील ना त्याला!"

"तुम्ही पास झालेले जसे! हात लावू नका सांगते."

पण जावयाची अब्रू ती आपली अब्रू. चेनपुलीने इंजिन तोललं, पाळण्याच्या उजवीकडचे बोल्ट सैल केले, आत दोनदोन वायसर सरकवले, पुन्हा आवळले. दोरी लावली. रेष म्हणजे रेष! माझाच मला अभिमान वाटला.

मग पुढचं फायबरचं झाकण चढवलं. ते बसेना! डावीकडे पंख्याच्या टोपीला घासतंय, उजवीकडे फटीतून मांजर जाईल. म्हटलं, झाकणवाल्याने माती खाल्ली. आता तेही आपणच निस्तरायचं! करवतीच्या पात्याने डावी कड कापली. उजवीकडे फायबरचं कापड लावून वरून राळ थापली. होड्या जन्मभर अशाच बुजवल्या. साहेब यायच्या आत सुकावी म्हणून राळेत औषध दुप्पट घातलं.

राळ झकास सुकली. माझ्या लुंगीसकट!

ओढून पाहिली. विमान हललं, लुंगी सुटेना. इतक्यात बाहेर गाडीचा आवाज. मग काय, विमानाला रेलून, हाताची घडी घालून, मालकासारखा उभा राहिलो.

"हे आमचे सासरे," सुहास म्हणाला. "मामा, पुढे या ना."

"इथूनच नमस्कार!"

साहेबांनी वाकून पाळण्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे वायसर कोणी घातले?"

"मी!" मी छाती काढली. "वाकडं होतं. सरळ केलं."

"अहो आजोबा, ते वाकडंच हवं! पंखा फिरला की विमान डावीकडे ओढ घेतं. म्हणून इंजिन मुद्दाम थोडं उजवीकडे रोखून बसवतात."

मुद्दाम! आणि लाँचचा पंखाही एका अंगाला ओढतो, म्हणून तांडेल सुकाणू दाबून बसतो, हे मी जन्मभर बघत आलेलो! सासऱ्यावर ओरडता येत नाही, म्हणून सुहास नुसता "मामा... मामा..." करत विमानाला प्रदक्षिणा घालत होता.

त्याची कसर हिने भरून काढली. पेट्यांची सुतळी कापायची कात्री घेऊन आली. "चड्डी आहे ना आत?" असं पुण्याच्या साहेबांसमोर विचारून तिने मला विमानापासून वेगळं केलं. साहेब मोठे सभ्य. छपराचे पत्रे बघत राहिले.

वायसर मीच काढले. घातले मी, काढणार मी! (टॉवेल गुंडाळून.) साहेबांनी नव्याने मापं घेतली आणि मान डोलावली. "पास! झाकण तेवढं नवीन करा." मग माझ्याकडे वळले. "पण आजोबा, सरळ मात्र बिनचूक केलं होतंत हां!"

एवढं ऐकल्यावर लुंगीचं दुःख राहत नाही. रात्री मी तीन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना शेडचं दार नीट पाहिलं. बिजागऱ्यांवर किंचित कललेलं! पान्हा हाताशीच होता. ओळंबा लावून सरळ केलं. आता ते आपोआप मिटत नाही. मुळात मिटतच नाही. आत विमान, म्हणून राखणीला मीच बसलोय.