मोठ्या बाबांचं पान

सरूबाई, माझी मोठीआई, हिच्याइतका मी कोणाचाच ऋणी नाही. वडिलांच्या थोरल्या भावाची ही बायको. सौंसरजवळच्या आमच्या संत्र्याच्या मळ्यात राबून तिनं मला पदवीपर्यंत शिकवलं. मोठे बाबा फौजेत होते. इंफाळकडे जपान्यांशी लढताना ते गेल्याची तार आली, पण चाळीस वर्षं झाली तरी तिनं ती मानली नव्हती. पितृपक्षात त्यांच्या नावाचं पान ती मांडू देत नसे. "त्यायची जागा कोनं पाह्यली? येऊन राहिले असतीन तं?"

माझी बदली इंफाळला झाली तेव्हा ती खाटेला खिळली होती. जामसांवलीच्या मारुतीच्या शेंदराची पुडी तिनं माझ्या हाती दिली. "जागा दिसली तं तिथं ठेव. नाही तं वापस आन. मी समजीन."

फौजी दफनभूमीत तीन शनिवार मी ओळीनं एकेक थडगं वाचत फिरलो. नाव दिसेना. मारुतीनं तरी काय म्हणून ऐकावं, असं वाटू लागलं. तिला खोटंच कळवावं, असंही मनात आलं. तेवढ्यात खुरपं घेतलेल्या एका म्हाताऱ्या माळ्यानं विचारलं, "किसको ढूँढता है, बाबू?"

मी सांगितलं. तो हसला. "पढ़ा-लिखा आदमी! हिंदू को इधर गाड़ेगा क्या? उनको जलाया था. नाम उधर है."

घरच्या माणसांना अग्नी देणारा मी, थडग्यांत शोधत होतो! पलीकडच्या स्मारकावर पलटणीप्रमाणे नावं कोरलेली होती. त्यात मोठ्या बाबांचं नाव सापडलं. पण त्या नावाचा दुसरा कोणी असला तर? माळ्यानं फाटकाजवळच्या कपाटातून नोंदवही काढून दिली. नावापुढं वडिलांचं नाव होतं, आणि पुढं: पत्नी सरूबाई, सौंसर, जिल्हा छिंदवाडा. मला पुढची अक्षरं दिसेनात.

शनिवारी त्या माळ्याची सुट्टी असे. त्या दिवशी तो दुसऱ्याच्या जागी आला होता. मी त्याचा अर्थ लावत बसलो नाही. दगडापुढं हात जोडले. माझ्या हुशारीनं काही सापडलं नव्हतं, हे मात्र उमगलं. संध्याकाळी पत्र टाकलं:

"मोठीआईस साष्टांग नमस्कार. पुडी वापस आणत नाही, मोठ्या बाबांच्या नावाखाली ठेवली आहे. जागा झाडलेली असते, फुलझाडंही आहेत. तिथल्या वहीत त्यांच्या नावाशेजारी तुझं नाव लिहिलेलं आहे. आपल्याला ठाऊक नव्हतं, पण इतकी वर्षं तू त्यांच्याजवळच होतीस. बाबा हे पत्र वाचून दाखवतील. वाचून झालं की त्यांना सांग, यंदा पितृपक्षात एक पान जास्त लागेल."