चिमणीच्या घराचं दार

दहिसरच्या सुहासिनीकाकूंना नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. कुकर लावला, शिट्टी व्हायच्या आत बंद केला, परत लावला. गॅलरीत जाऊन वाळत घातलेले कपडे उगाच उलटसुलट केले.

"अगं, चिमणी तू होणार आहेस का?" पेपराआडून श्यामकांत म्हणाले. "तुझं काम नुसतं कुजबुजायचं. तेवढ्यासाठी एवढी फडफड?"

नवऱ्याचं हे लग्नापासूनचं. काकूंनी लक्षच दिलं नाही.

कुजबुजणं हे मात्र खरंच त्यांचं काम. टेलिफोन खात्यात असताना त्या एका हौशी नाट्यसंस्थेत प्रॉम्प्टर झाल्या. नोकरीतून निवृत्त झाल्या, पण विंगेतली खुर्ची काही सुटली नाही. राजे, पोलिस, खलनायक, सगळे त्यांच्या कुजबुजीवर तरले. टाळ्या पडल्यावर मात्र विंगेकडे वळून बघायची कुणाला आठवण राहायची नाही. काकूंची त्याबद्दल तक्रार नव्हती. खुर्ची तेवढी राहावी.

या वर्षी तीच डगमगत होती. नाटक बसवत होती गंधाली, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. जुन्या परीकथा, पशुपक्ष्यांच्या गोष्टी नव्यानं लिहून तिनं झकास संगीत नाटक केलं होतं. गाणी आधीच रेकॉर्ड केलेली, कलाकारांच्या गालाला माईक. पहिल्याच तालमीला म्हणाली, "काकू, यात प्रॉम्प्टिंगची तशी गरज नाही. पहिल्या प्रयोगाला बसा, मग बघू."

ते 'मग बघू' काकूंना चपलेत शिरलेल्या खड्यासारखं टोचत होतं.

त्यात चिमणीचा प्रवेश. घर वाहून गेलेला कावळा दार वाजवतो, चिमणी लगेच 'ये, आत ये' म्हणते आणि दोघं नाचतात. संकटातल्या माणसाला दाराशी ताटकळत ठेवू नये, ही मुलांना शिकवण.

"शिकवण चांगलीच आहे गं," काकू तालमीत गंधालीला म्हणाल्या होत्या, "पण लगेच उघडतं कोण? आपण बेल वाजली की आधी दाराच्या भोकातून बघतो, मग 'कोण?' विचारतो, मग साखळी लावून चार बोटं दार."

"म्हणूनच तर बदललंय ना, काकू!"

"आणि शेणाचं घर बांधायला त्याला सांगितलं कुणी?"

कावळा झालेला वर्सोव्याचा निमेश खो खो हसला होता. "माझं काही नाही काकू. भिजवा नाहीतर नाचवा."

बोरिवलीचं नाट्यगृह पोरांनी गच्च भरलं होतं. काकू विंगेत संहिता मांडीवर घेऊन बसल्या, पाय सारखा हलत होता. निमेशनं दार वाजवलं. चिमणी झालेली अस्मिता तुरुतुरु दाराशी आली, तोंड उघडलं, आणि शब्दच गायब. तिची नजर विंगेकडे वळली. ही नजर काकूंना पाठ होती. खुर्ची होती ती याच नजरेसाठी.

"थांब, बाळ झोपलंय," काकू कुजबुजल्या.

बोट 'ये, आत ये'वर होतं. तोंडातून मात्र त्यांच्या लहानपणची चिमणी बोलून गेली. अस्मितानं ते माईकमधून ठणठणीत म्हटलंही. वाट लागली!

गाण्याचा ट्रॅक कुणासाठी थांबतोय! नाचाचं गाणं सुरू झालं. निमेश बिचारा दाराबाहेर एकटाच नाचायला लागला. मध्येच थांबून दार ठोकलं. "चिमणीताई, भिजलो गं!"

पुढच्या रांगेतून एक पोरगी ओरडली, "अगं, उघड ना!" मग दुसरं कुणी. मग सगळं नाट्यगृहच उघड, उघड म्हणून पाय आपटायला लागलं. अस्मितानं दार उघडलं तेव्हा झालेला गलका रस्त्यावर ऐकू गेला असेल.

पडदा पडताच गंधाली विंगेत आली. "काकू, हे काय केलंत?" काकू पदराचं टोक पिळत उभ्या.

"असंच ठेव ना यार," निमेश पिसं काढत म्हणाला. "शिकवण पोरांनीच दिली, आपल्याला कुठे द्यावी लागली?"

गंधाली काकूंकडे वळली. "चुकून केलंत की मुद्दाम?"

काकूंनी मनाशी शोधून पाहिलं. "खरं सांगू? मलाच कळत नाहीये गं."

"मग मुलुंडच्या प्रयोगाला बसाल तेव्हा सांगा."

काकूंचे पाय घरापर्यंत जमिनीला लागले नाहीत. धापा टाकत त्यांनी बेल दाबली.

"कोण?" आतून श्यामकांत.

"अहो, मी! उघडा!"

आधी भोकाआड डोळा, मग साखळीची खळखळ. काकू दाराबाहेर या पायावरून त्या पायावर होत राहिल्या, आणि दार चार बोटं उघडताच फटीतूनच ओरडल्या, "मुलुंडलाही बसायचंय मला!"