दोन खुंट्यांमधले अंतर

मीनाक्षी गेल्याची वार्ता आली, तेव्हा मी सोलापुरातल्या घरी सकाळची पूजा करीत होतो. फोन ठेवून मी पूजा पुरी केली. हात थांबले असते, तर बोलावे लागले असते... त्याला आता दीड महिना झाला.

मीनाक्षी आमच्या शेजारच्या शिवाप्पांची मुलगी. शालेय वयात माझ्याकडे संस्कृत शिकली, पुढे भूगर्भशास्त्राकडे वळली. सह्याद्रीतले कोणते उतार खचतील, हे आधी ओळखणे तिचे काम. उताराचा कोन, मातीची जाडी, कललेली झाडे, गढूळलेला झरा हे सारे पाहून ती नकाशावर धोक्याचे रंग भरी. माझ्या कुलदेवीचे देऊळ तशाच उतारावर. अंगणात भेग दिसली, तेव्हा मीच तिला तिथे नेले. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी खुंटी ठोकून तिने टेपने अंतर मोजले. "हे वाढलं की डोंगर निघाला समजायचं, गुरुजी. आणि देवीला कसं पारोसं शिवत नाही, तसं ह्यांना कुणी शिवायचं न्हाय बरं का!"

उत्सवात प्रदक्षिणेच्या वाटेवर अनवाणी भाविकांची बोटे ठेचाळू लागली. उत्सवाची व्यवस्था माझ्याकडे, म्हणून मी खुंट्या उपटवल्या. उत्सव सरताच अदमासाने पुन्हा ठोकवल्या. तिला कळवले नाही.

भर पावसात तिचा तिथूनच फोन आला. "गुरुजी, झरा गढूळलाय, म्हणून गाव खाली शाळेत हलवतेय. पण खुंट्यांतलं अंतर कमी झालंय की! भेग कधी मिटत असते व्हय? कुणी हात लावला होता का?"

मी म्हणालो, "नाही."

"मग असं का झालं, ते उद्या वर चढून बघते."

'हो' म्हटले असते, तर ते माप टाकून देऊन ती खालीच राहिली असती. गाव वाचले. उतार तिला घेऊन खाली आला.

गेल्या आठवड्यात शिवाप्पांना सारे सांगितले.  ते म्हणाले, "तुमी न्हाय म्हणलासा, म्हणून तिनं दुसऱ्या कुणाला इचारलं नसंल." ...आणि उठले. चहा तसाच राहिला.

शेवटच्या भेटीत ती आपली जुनी टेप माझ्या देवघराच्या कोनाड्यात विसरून गेली. केर काढताना सून ती उचलू पाहते, तेव्हा मी म्हणतो, राहू दे... होती तिथेच राहू दे.