ठिबकच्या नळीतून कुर्र

माझ्या लेकीची कातडी जन्मापासून कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटायची. अंग लालबुंद, डोक्यावर खपल्या, आणि कितीही मलम चोपडलं तरी सकाळी दुपट्यात कोंडाच कोंडा. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, की हिच्या अंगात रोगाशी लढायची ताकदच नाही. बोन मॅरो बसवेपर्यंत दुसऱ्याचा साधा खोकलाही हिच्या जिवावर बेतेल. तोवर जवळ जायचं ते फक्त आईनं, तेही हात धुऊन, मास्क लावून.

आता वडनेरात बाळ कुणाला बघू द्यायचं नाही म्हणजे भांडणच. बायका यायच्या, खिडकीच्या जाळीला नाक लावायच्या आणि उपाय सांगायच्या. एकीनं गाढविणीचं दूध सुचवलं. मी म्हटलं, "आना गाढवीन. पह्यले तिले हात धुवाले लावते."

त्यात बारसं आलं. नाव आत्यानंच बाळाच्या कानात सांगायचं, हा तिचा मान. आणि माझी थोरली नणंद मान सोडणाऱ्यातली नव्हे. उंद्रीहून ती आली तीच खोकत. ऑटो थांबायच्या आधी सासूबाईंनी तिला खोकल्यावरून ओळखलं.

मी दारातच उभी राहिले. "ताई, आत नाही येता येनार."

"काऊन? मी आत्या आहो तिची! तू कोन मले आडवनारी?"

"मी तिची माय आहो."

झालं. ती माझ्याकडे पाठ करून ओट्यावर बसली. चहाला हात लावेना, खोकला थांबेना. सासूबाई दोघींकडे बघून आळीपाळीने मान हलवत होत्या. भांडणात गायब व्हायची सवय असलेला माझा नवरा मागच्या अंगणात सटकला आणि शेतातून उरलेलं ठिबकच्या नळीचं वेटोळं घेऊन आला.

"कोरी आहे," तो म्हणाला. "भोकं नाही पाडली आजून."

मला वाटलं, याचं डोकं फिरलं. तरी डॉक्टरांना फोन लावला. ते आधी हसले, मग म्हणाले, नळी उकळत्या पाण्यानं धुवा आणि आत्याच्या टोकाला मास्क बांधा.

जाळीच्या कोपऱ्यातून नळी आत आली. बाहेर नणंद मास्क बांधलेलं टोक तोंडाशी धरून बसली. कुर्र झालं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, म्हणून तिच्यामागे बायका बाह्या सरसावून उभ्या. तिच्या तोंडाचा पट्टा सगळ्यांनीच कधी ना कधी सोसलेला होता.

आवाज येतो का बघावा म्हणून मी नळी आधी माझ्याच कानाला लावली. नणंदेला वाटलं, बाळाचाच कान आहे. ती अगदी हळू बोलली.

"पोरी, तुही माय लय खट आहे. मले आत येऊ नाही देऊन राह्यली. बरं करून राह्यली. कोनालेच येऊ देऊ नको म्हन तिले, मले बी नाही. तू फक्त जग, माय."

मग नाव, मग कुर्र, मग धपाधप, आणि "हळू मारा वो!" अशी आरोळी.

माझा मास्क भिजून ओला झाला. लग्न झाल्यापासून या बाईवर मी जेवढी चिडले होते, तेवढंच तिला आत ओढून मिठी मारावीशी वाटलं. तेच तर करता येत नव्हतं. मी नळी लेकीच्या कानाशी धरली आणि खिडकीतून ओरडले,

"ताई, तिले ऐकू नाही गेलं. पुन्हा सांगा. पह्यल्यापासून, सगळं सांगा."