वकीलबाईंचा निरोप

हे अजून कुणाच्या कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, पोरीच्या नाही. देवापुढंसुद्धा बाकीचं सगळं बोलते, एवढंच गाळते. मग तुम्हाला का सांगतेय? काय की. रविवारपासून एका जागी बसवत नाहीये, हातात घेतलेलं काम पुरं होत नाहीये — म्हणून असेल.

माझा थोरला भाऊ भरमाण्णा निपाणीत असतो. वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, आणि ठिणग्या वर्कशॉपपेक्षा त्याच्या तोंडातनं जास्त उडतात. वहिनी हंगामात मिरचीचे देठ काढायला जायची. संध्याकाळी हात असे पेटायचे की भाकरी थापता यायची नाही. परातीत पाणी घेऊन हात बुडवून बसायची. अण्णा ते बघून चिडायचा — तिच्यावरच चिडायचा, असा तो माणूस. आणि मग पत्र्याचे तुकडे, सायकलची चेन, काय काय जोडत त्यानं देठ काढायचं यंत्र बनवलं. पायानं चालवायचं. मिरची न फोडता तेवढा देठ ओढून घ्यायचं. पहिल्यांदा चाललं तेव्हा वहिनीला रडू फुटलं. अण्णा म्हणाला, "रडतीस काय गं, मिरची घाल की!"

कुणीतरी त्याला म्हणालं, ह्याचं पेटंट घे, न्हायतर दुसरा उचलंल. पेटंट म्हणजे काय ते कळायच्या आधी त्याला मी आठवले. मी बेळगावात, एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला. माहेरच्यांच्या लेखी बेळगावातलं कुठलंही काम म्हणजे शालन. दवाखाना असो, दाखला असो — शालनला विचारा. मला ते आवडायचं. लई आवडायचं, खरं सांगते. "बेंगळूरचा नको," अण्णा म्हणाला, "समोर बसून भांडता येईल असा हितलाच वकील बघ."

बघितला ना. कोर्टाच्या आवारात वाटणीचे नि बांधाचे दावे चालवणारे सगळे. पेटंट म्हटल्यावर एकानं चहा पाजला, एकानं मलाच विचारलं, ते काय असतं? शेवटी बेळगावातच शहापुरात राहणाऱ्या मैत्रिणीनं एका वकीलबाईंचा पत्ता दिला. आधी इंजिनियर, मग वकील, हेच काम करणाऱ्या. वयानं माझ्या पोरीएवढ्या. आधी कन्नडात बोलल्या, मग माझ्यासाठी मोडक्यातोडक्या मराठीत. देठ धरला कसा जातो? मिरची फुटत का नाही? ह्यात नवीन नेमकं काय? मला काही सांगता येईना. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या अण्णांनाच पाठवा, त्यांच्याशीच बोलते. आणि अर्ज जाईपर्यंत यंत्र कुणाला दाखवू नका म्हणावं. चारचौघांत दाखवलं की मग पेटंट मिळणं अवघड."

एवढासा निरोप. तो मी दिला नाही.

का? त्यांचा जिना उतरतानाच मला टोचायला लागलं होतं. अण्णांनाच पाठवा म्हणजे? मग मी कोण? अण्णा एकदा त्या खुर्चीत बसला असता तर दोघं थेट बोलली असती, आणि मधली मी गळाले असते. बस. ह्याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. बरं, दाखवू नको एवढं तरी सांगायचं होतं ना? पण अण्णा खोदून खोदून विचारणारा — कुणी सांगितलं, आणखी काय म्हणाली, मलाच का न्हाय बोलावलं... म्हणून फोनवर म्हणाले, "एक वकीलबाई गाठलीया, काम चालू हाय अण्णा. मी हाय न्हवं." मनात होतं, आधी आपण सगळं समजून घ्यायचं, मग परत त्यांच्याकडं जायचं. आज-उद्या करत दसरा आला.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. वर्कशॉप धुऊन काढायचं, पान्हे-हातोडे मांडायचे, दार सताड उघडं ठेवायचं, सगळ्या गल्लीनं येऊन प्रसाद घ्यायचा. त्या दिवशी कुणाला दार कसं लावणार? अण्णानं यंत्र मधोमध ठेवलं, झेंडूची माळ घातली. अर्ज गेलाय असं तो धरून चालला होता. मीच तसं धरू दिलं होतं. ओवाळायला मला पुढं केलं, माहेरवाशीण म्हणून — आणि मी ओवाळलं! हातात ताट होतं, तोंडात जीभ होती. मिरचीचा एक व्यापारी पाहुणा आलेला. त्यानं यंत्र चालवायला लावलं, झाकण काढून आतलं दाखवायला लावलं, मोबाइलवर सगळं टिपून घेतलं. बघणारे बघून अण्णाला तर चेवच आला. अण्णा, झाकण लाव — एवढं म्हणायचं होतं. मी प्रसाद वाटायला घेतला.

पुढच्या हंगामात बाजारात तशीच यंत्रं आली. रंगवलेली, वर त्या व्यापाऱ्याचं नाव. अण्णा बेळगावला धावत आला, चप्पल न काढताच घरात — "अगं, अर्ज केलता न्हवं त्या बाईनं?"

इथपर्यंत भित्रेपणा म्हणा हवं तर. ह्यापुढच्याला काय म्हणायचं? मी म्हणाले, "न्हाय केला अण्णा. फसवलं बघ तिनं." तो तिच्याकडं जायला उठला, तर मीच हात धरून बसवलं — जाऊ दे, वकिलांच्या नादी लागू नगंस. आणि तो बसला. साऱ्या जगाशी भांडणारा माझा भाऊ माझं ऐकून गप बसला.

वकीलबाई मला नंतर एकदा बाजारात भेटल्या. अण्णा आलेच नाहीत, म्हणाल्या. त्यांनी नाद सोडला, असं सांगून मी भाजीच्या गर्दीत शिरले.

परवा रविवारी निपाणीला गेले होते. अण्णा आता तीच यंत्रं दुरुस्त करतो, व्यापाऱ्याच्या नावाची. चेन तुटली, दाते झिजले की लोक त्याच्याकडंच आणतात. एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "ह्ये मूळ माझं बरं का. आमच्या शालननं लई पायपीट केली, पर वकीलबाई वंगाळ निघाली." आतनं वहिनीनं त्या बाईला नेहमीची शिवी हासडली. मग गिऱ्हाईक माझ्याकडं बघायला लागलं, अण्णाही बघायला लागला.

मीही एक शिवी घातली.